अज्ञात कोनासाठी कोणत्या दोन बाजू मोजाव्यात: प्रकल्प नोंदी

३ जानेवारी

काटकोन त्रिकोणाच्या कोणत्याही दोन बाजू माहीत असल्या की त्याचे दोन्ही लघुकोन काढता येतात, हे शालेय त्रिकोणमितीतच शिकवले जाते. मात्र बाजू पुस्तकात छापून आलेल्या नसून टेपने मोजायच्या असतात आणि प्रत्येक मापात थोडीफार चूक संभवते, तेव्हा तीन बाजूंपैकी नेमक्या कोणत्या दोन मोजल्या असता कोन सर्वांत विश्वासार्ह मिळतो, हे पाहण्यासाठी हा प्रकल्प हाती घेतला आहे.

मांडणी मुद्दाम साधी ठेवली आहे. २००० मिमी लांबीची एक सरळ फळी जमिनीवर टेकवून तिचे वरचे टोक भिंतीला लावायचे आणि फळी व जमीन यांमधील कोन काढायचा. फळी हा कर्ण, फळी टेकते त्या बिंदूपर्यंतची भिंतीवरील उंची ही उभी बाजू, आणि भिंतीच्या पायथ्यापासून फळीच्या खालच्या टोकापर्यंतचे अंतर ही आडवी बाजू. फळीला जाडी असल्यामुळे कोणती कड धरायची हे आधीच ठरवणे आवश्यक होते. टोके काटकोनात कापलेली असतील, तर वर आणि खाली दोन्हीकडे फळीच्या तळाकडील कडच टेकते. म्हणून सर्व मापे त्याच कडेपासून घेण्याचे ठरवले.

५ जानेवारी

गणिताची बाजू आज निश्चित केली. अज्ञात कोनाच्या समोरची बाजू उभी आणि लगतची बाजू आडवी असल्याने साइन म्हणजे उभी भागिले कर्ण, कोसाइन म्हणजे आडवी भागिले कर्ण आणि टॅन म्हणजे उभी भागिले आडवी. गुणोत्तरावरून कोनाकडे परत येण्यासाठी त्या त्या गुणोत्तराचे व्यस्त फल वापरायचे. बाजू ३, ४, ५ असल्यास ३ भागिले ५ चा व्यस्त साइन, ४ भागिले ५ चा व्यस्त कोसाइन आणि ३ भागिले ४ चा व्यस्त टॅन ही तिन्ही उत्तरे ३६.८७ अंशच येतात. कागदावर तिन्ही मार्ग सारखेच असतात.

गणकयंत्र अंशांत आहे की रेडियनमध्ये (कोन मोजण्याच्या दुसऱ्या एककात), याची खात्री दर वेळी याच ३-४-५ त्रिकोणावरून करायची आहे; उत्तर ०.६४३५ आले तर यंत्र रेडियनमध्ये आहे. संगणकावरील तक्त्यातले व्यस्त टॅनचे सूत्र रेडियनमध्येच उत्तर देते, त्यामुळे त्याचे अंशांत रूपांतर करावे लागते. दोन मापे वेगवेगळी घेणारे टॅनचे जे सूत्र आहे, त्यात एक्सेलला आधी आडवे माप लागते, तर बहुतेक प्रोग्रॅमिंग भाषांना आधी उभे माप लागते. क्रम उलटला तर अपेक्षित कोनाऐवजी त्याचा कोटिकोन मिळतो, आणि कोन ४५ अंशांच्या आसपास असेल तर हा घोटाळा नजरेलाही येत नाही.

उतार सांगताना साइन आणि टॅन यांची सरमिसळ फार होते, म्हणून तीही येथे नोंदवतो. एकास बारा असा उतार म्हणजे आडव्या बारा भागांना उभा एक भाग, म्हणजेच टॅन. त्याचा कोन ४.७६ अंश. तोच आकडा चुकून साइन धरला तर ४.७८ अंश येतो आणि काही बिघडत नाही. परंतु एकास एक उतारासाठी टॅनने ४५ अंश मिळतात आणि साइनने ९०, म्हणजे उभा कडाच. लहान कोनांवर खपून गेलेली ढिलाई मोठ्या कोनांवर खपत नाही.

८ जानेवारी

पहिली स्थिती: फळी जवळजवळ आडवी. उभी बाजू १७४ मिमी, आडवी १९९२ मिमी, कर्ण २००० मिमी.

साइनने कोन ४.९९ अंश आला आणि टॅननेही ४.९९ अंशच आला. कोसाइनने मात्र ५.१३ अंश आला. फरक जेमतेम आठ मिनिटांचा (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) असला तरी तो कोठून येतो हे पाहण्यासाठी आडवी बाजू १९९२ ऐवजी १९९३ धरून गणित पुन्हा केले. कोसाइनचे उत्तर ५.१३ वरून एकदम ४.८० अंशांवर उतरले. एका मिलिमीटरने कोन २० मिनिटांनी हलला. याउलट उभी बाजू १७४ ऐवजी १७५ धरली तर साइनचे उत्तर केवळ पावणेदोन मिनिटांनी वाढते.

कारण आलेखावरून लगेच दिसते. शून्य अंशाजवळ कोसाइनचा आलेख जवळजवळ सपाट असतो; कोन बराच बदलला तरी कोसाइन फारसा बदलत नाही. उलट दिशेने जाताना हीच गोष्ट अंगावर येते, कारण कोसाइनमधील अगदी बारीक चूक कोनातील मोठी चूक होऊन बाहेर पडते. ९० अंशांजवळ हाच दोष साइनला लागतो.

११ जानेवारी

चुकीचा अंदाज आकड्यांत बसवला. टेप १ मिमीपर्यंत वाचता येतो, परंतु टेपचे टोक, त्याचा ताण आणि फळीची कड यांचा विचार करता प्रत्येक मापात अधिक-उणे २ मिमी चूक धरणे रास्त वाटते. २ भागिले २००० म्हणजे रेडियनचा हजारावा भाग, अर्थात ३.४४ मिनिटे, हे या प्रयोगाचे मूळ माप ठरते. सर्वांत वाईट परिस्थितीत, म्हणजे दोन्ही मापांतील चुका एकमेकींना साथ देतील तेव्हा, कोनातील चूक या मूळ मापाच्या किती पट होते ते असे निघते. साइनसाठी: (१ + साइन) भागिले कोसाइन. कोसाइनसाठी: (१ + कोसाइन) भागिले साइन. टॅनसाठी: साइन + कोसाइन.

कोन ५ अंश असताना साइनची चूक ३.८ मिनिटे, टॅनची ३.७ मिनिटे आणि कोसाइनची सुमारे ७९ मिनिटे, म्हणजे सव्वा अंशाहून जास्त. १५ अंशांवर अनुक्रमे ४.५, ४.२ आणि २६ मिनिटे. ४५ अंशांवर साइन आणि कोसाइन दोघांची ८.३ मिनिटे, टॅनची ४.९. ७५ अंशांवर साइन आणि कोसाइन यांची अदलाबदल होते आणि टॅन ४.२ वरच राहतो.

टॅनच्या सूत्राकडे नीट पाहिले तर त्यात भागाकारच नाही. साइन आणि कोसाइन यांची बेरीज कधीही दोनाच्या वर्गमुळापेक्षा, म्हणजे १.४१४ पेक्षा, मोठी होत नाही. म्हणून फळी कशीही ठेवली तरी टॅनने काढलेल्या कोनातील चूक पाच मिनिटांच्या आतच राहते. साइनची चूक टॅनच्या चुकीपेक्षा कधीच कमी असू शकत नाही, हेही थोड्या बीजगणितात सिद्ध होते: १ + साइन ही राशी साइन गुणिले कोसाइन अधिक कोसाइनचा वर्ग या राशीपेक्षा नेहमी मोठी किंवा तिच्याएवढी असते, कारण पहिलीतील प्रत्येक पद दुसरीतील जोडीच्या पदाहून लहान नसते. यावरून दोन्ही लंब बाजू मोजाव्यात आणि कर्णाच्या वाटेला जाऊ नये, असा निष्कर्ष आज कागदावर तरी पक्का दिसतो. फक्त त्यात एक अट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे काटकोन खरोखर काटकोन असल्याची. तिची तपासणी पुढील टप्प्यात ठेवली आहे.

१२ जानेवारी

व्यस्त साइन गणकयंत्राविना कसा काढत असतील, हे पाहण्यासाठी आर्यभटाची ज्या-सारणी (ज्या म्हणजे साइनला वर्तुळाच्या त्रिज्येने गुणून येणारी लांबी) तपासली. आर्यभटीय हा ग्रंथ इ. स. ४९९ चा मानला जातो. त्यात एका श्लोकात २४ आकडे दिलेले आहेत: २२५, २२४, २२२, २१९, २१५ असे सुरू होऊन ते शेवटी ५१, ३७, २२, ७ असे संपतात. हे ज्यांमधील फरक आहेत. प्रत्येक टप्पा २२५ मिनिटांचा, म्हणजे पावणेचार अंशांचा, आणि सर्व फरकांची बेरीज ३४३८, जी वर्तुळाची त्रिज्या आहे. पूर्ण वर्तुळाची २१,६०० मिनिटे २π ने भागली की हाच आकडा मिळतो, म्हणून त्रिज्या आणि कंस दोन्ही एकाच एककात, मिनिटांत, मोजले जातात. कालच्या नोंदीतील ३.४४ मिनिटे हाही याच संख्येचा हजारावा भाग आहे.

८ जानेवारीचे गुणोत्तर १७४ भागिले २०००, म्हणजे ०.०८७. त्याला ३४३८ ने गुणले की २९९.१ येतात. सारणीत पहिली ज्या २२५ आणि दुसरी ४४९. म्हणजे पहिल्या टप्प्याच्या पुढे ७४.१ उरतात. पुढचा फरक २२४ असल्याने ७४.१ भागिले २२४ गुणिले २२५, म्हणजे ७४.४ मिनिटे. एकूण २९९.४ मिनिटे, अर्थात ४ अंश ५९.४ मिनिटे. गणकयंत्राच्या उत्तरात आणि यात एका मिनिटाचाही फरक नाही. ३-४-५ त्रिकोणाचा कोनही असाच काढला: ०.६ गुणिले ३४३८ म्हणजे २०६२.८, नववी ज्या १९१०, पुढचा फरक १८३, कोन ३६ अंश ५२.९ मिनिटे. खरे मूल्य ३६ अंश ५२.२ मिनिटे आहे.

या सारणीचे खरे महत्त्व माझ्या प्रकल्पापुरते वेगळे आहे. सुरुवातीला ज्येचा एक भाग म्हणजे कोनाचे एक मिनिट. शेवटच्या टप्प्यात ज्येचे केवळ ७ भाग २२५ मिनिटांत वाटलेले, म्हणजे एका भागामागे ३२ मिनिटे. काल सूत्रांनी जे दाखवले, ते पंधराशे वर्षांपूर्वीच्या त्या शेवटच्या ७ या आकड्यात आयतेच लिहिलेले आहे.

उलट दिशेचीही एक नोंद येथे करून ठेवतो. इ. स. पू. तिसऱ्या शतकात अ‍ॅरिस्टार्कस या ग्रीक खगोलशास्त्रज्ञाने चंद्र बरोबर अर्धा दिसत असताना चंद्रापाशी काटकोन होतो, हे ओळखून पृथ्वीपाशी चंद्र आणि सूर्य यांमधील कोन ८७ अंश धरला आणि सूर्य चंद्राच्या सुमारे १९ पट दूर असल्याचे काढले. प्रत्यक्षात तो कोन ८९.८५ अंशांच्या आसपास आहे आणि अंतर सुमारे ३९० पट. त्याची भूमिती निर्दोष होती. ९० अंशांजवळ कोसाइनवरून कोन काढणे सुरक्षित असते, पण कोनावरून अंतरांचे गुणोत्तर काढणे तितकेच धोक्याचे असते. दिशा बदलली की धोक्याची जागाही बदलते.

१५ जानेवारी

दुसरी स्थिती: फळी मध्यम तिरपी. उभी १४०९, आडवी १४१४, कर्ण २०००. साइनने ४४.७९, टॅनने ४४.९०, कोसाइनने ४५.०१ अंश.

तिसरी स्थिती: फळी चढी, शिडी लावतात तशी. उभी १९३४, आडवी ५००, कर्ण २०००. साइनने ७५.२४, टॅनने ७५.५०, कोसाइनने ७५.५२ अंश.

शिडीसाठी एकास चारचा जो नियम वापरला जातो, त्यात पायथ्याचे अंतर उंचीच्या एक चतुर्थांश असते आणि त्याचा कोन ७५.९६ अंश येतो. माझ्या फळीचे अंतर लांबीच्या एक चतुर्थांश ठेवले आहे. दोन्हींत अर्धा अंशही फरक नाही, त्यामुळे शिडी लावताना कोणीही एवढा काथ्याकूट करत नाही, आणि तेच योग्य आहे.

तिसऱ्या स्थितीत दोन उत्तरे एकमेकांशी जुळतात आणि साइन सोळा-सतरा मिनिटांनी वेगळा पडतो. ११ जानेवारीच्या गणितानुसार चढ्या कोनावर साइनची चूक २६ मिनिटांपर्यंत जाऊ शकते, म्हणून साइन दोषी असे म्हणून विषय संपवता आला असता. परंतु दुसऱ्या स्थितीत तीन उत्तरांमधील अंतरे फार नियमित आहेत. टॅनचे उत्तर बरोबर मध्यभागी आहे. साइन त्याच्या खाली ०.११ आणि कोसाइन त्याच्या वर ०.११. टेपच्या चुका अशा शिस्तीत येत नाहीत. कोपरा तपासला पाहिजे.

१७ जानेवारी

कोपऱ्याची तपासणी. जमिनीवर पायथ्यापासून १२०० मिमीवर आणि भिंतीवर ९०० मिमीवर खुणा केल्या. कोपरा काटकोनात असेल तर तिरपे अंतर १५०० भरायला हवे; ते १५०३ भरले. काटकोनापासूनच्या विचलनाचा साइन म्हणजे तिरप्या अंतराच्या वर्गातून दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज वजा करून, उरलेल्या संख्येला दोन बाजूंच्या गुणाकाराच्या दुपटीने भागणे. येथे ९००९ भागिले २१,६०,०००, म्हणजे ०.००४१७. विचलन १४.३ मिनिटे. कोपरा ९० अंश १४ मिनिटांचा आहे.

दोष भिंतीचा की जमिनीचा हेही पाहिले. भिंतीवर उंचावर १० मिमी जाडीचा ठोकळा धरून त्यावरून ओळंबा सोडला. १२०० मिमी खाली दोरी आणि भिंत यांतील फट ५ मिमी भरली. म्हणजे भिंतच वर जाताना मागे झुकली आहे आणि १२०० मिमीला ५ मिमी हे प्रमाण वरच्या आकड्याशी जुळते. पाणसळ ठेवून पाहता जमीन समपातळीत आहे.

१८ जानेवारी

या एका शोधाने ११ जानेवारीचा निष्कर्ष अर्धा राहिला. कोपरा काटकोन नसेल तर साइनच्या नियमाने (कोणत्याही त्रिकोणात बाजू आणि तिच्या समोरच्या कोनाचा साइन यांचे गुणोत्तर तिन्ही बाजूंसाठी सारखे असते) अज्ञात कोनाचा साइन म्हणजे उभी भागिले कर्ण, गुणिले कोपऱ्याचा साइन. ९० अंश १४ मिनिटांचा साइन १ पेक्षा लाखात एका भागाहूनही कमी फरकाने लहान असल्याने साइनने काढलेल्या कोनावर कोपऱ्याच्या दोषाचा जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. वर ज्याचा उपद्रव होता तो सपाटपणाच येथे उपयोगी पडला.

कोसाइनची स्थिती नेमकी उलट आहे. आडवी बाजू आणि कर्ण यांवरून खरे तर वरचा कोन मिळतो, आणि खालचा कोन ९० मधून तो वजा करून गृहीत धरला जातो. म्हणून कोपऱ्याचा संपूर्ण दोष, १४.३ मिनिटे, खालच्या कोनाच्या माथी येतो. टॅन या दोघांच्या मध्ये आहे. त्यातील चूक म्हणजे विचलन गुणिले कोनाच्या साइनचा वर्ग. ५ अंशांवर ती एक दशांश मिनिट, ४५ अंशांवर बरोबर निम्मी, आणि ७५ अंशांवर ९३ टक्क्यांहून जास्त. दुसऱ्या स्थितीतील ती शिस्तबद्ध अंतरे यामुळेच दिसली. तिसऱ्या स्थितीत टॅन आणि कोसाइन एकमेकांशी जुळले ते दोघेही एकाच कारणाने, जवळजवळ सारखेच चुकल्यामुळे. बहुमताने उत्तर निवडले असते तर चुकीचे उत्तर निवडले गेले असते.

म्हणजे चढ्या कोनासाठी पेच असा आहे: साइन कोपऱ्याच्या दोषापासून सुरक्षित, पण मिलिमीटरच्या चुकीला हळवा, टॅन मिलिमीटरला खंबीर, पण कोपऱ्यावर विसंबून. उभी बाजू १९३४ ऐवजी १९३५ वाचली तर साइनचे उत्तर ७५.२४ वरून ७५.३५ होते.

२१ जानेवारी

भिंतीचा भरवसा सोडून काटकोन स्वतःच तयार करण्याचे ठरवले. फळीच्या तळाकडील कडेवर खालच्या टोकापासून १९०० मिमीवर खूण केली, त्या खुणेपासून ओळंबा सोडला आणि तो जमिनीवर जेथे येतो ती जागा नोंदवली. ओळंबा उभा आणि जमीन समपातळीत, त्यामुळे येथील काटकोन भिंतीवर अवलंबून नाही. ओळंबा पूर्ण स्थिर झाल्यावरच खूण करावी लागते आणि त्यात वेळ जातो. उभी बाजू १८३८, आडवी ४८३. टॅनने कोन ७५ अंश १७ मिनिटे. संभाव्य चूक सुमारे साडेचार मिनिटे.

१५ जानेवारीच्या उत्तरांना कोपऱ्याची दुरुस्ती लावून पाहिली. टॅनचे ७५ अंश ३०.३ मिनिटे, त्यातून १३.४ वजा: ७५ अंश १६.९. कोसाइनचे ७५ अंश ३१.३, त्यातून १४.३ वजा: ७५ अंश १७.०. साइनला दुरुस्ती लागत नाही. त्याचे उत्तर ७५ अंश १४.४ आहे, आणि उभ्या मापात अर्धा मिलिमीटर कमी वाचला गेला असेल तर एवढा फरक सहज पडतो.

२२ जानेवारी

तिन्ही बाजू मोजायच्याच असतील तर एक जादा सूत्र तक्त्यात घातले आहे: अर्ध्या कोनाचा टॅन म्हणजे उभी भागिले आडवी व कर्ण यांची बेरीज. ३-४-५ साठी ३ भागिले ९, त्याचा व्यस्त टॅन १८.४३५ अंश, दुप्पट ३६.८७. मात्र हे सूत्रही काटकोन गृहीत धरते. काटकोनाची खात्री नसेल तेथे तीन बाजूंवरून कोणत्याही त्रिकोणाला लागू पडणारा कोसाइनचा नियम वापरावा. तिसऱ्या स्थितीत त्याने ७५.२४ अंश दिले, साइनएवढेच, आणि मिलिमीटरच्या चुकीलाही तो साइनइतकाच हळवा निघाला.

तक्त्यात शेवटी असा क्रम ठेवला आहे. कोन १५ अंशांच्या आत असेल तर उभी बाजू आणि कर्ण किंवा दोन्ही लंब बाजू, जे मोजायला सोयीचे असेल ते; त्यापुढे दोन्ही लंब बाजू, पण कोपरा आधी तपासून; आणि कोन ६० अंशांच्या वर असेल तर कोपरा कितीही चांगला दिसत असला तरी ओळंब्याने केलेला त्रिकोण. गुणोत्तर दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत तोडायचे नाही, हेही तक्त्यात लाल अक्षरांत लिहिले आहे, कारण ०.९६८२ चे ०.९७ केले तर ७५.५१ अंशांचे ७५.९३ होतात, आणि फळी मात्र जागची हललेली नसते.